बालव्यायामवर्गाची तयारी : कोणाची आणि कशासाठी?

एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी चालणारे व्यायामवर्ग मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आता अनोळखी राहिलेले नाहीत. ‘टॉडलर जिम’ किंवा ‘बेबी जिम’ या नावांनी ते ओळखले जातात. जमिनीवर जाड गाद्या, फोमचे उतरते ठोकळे, वीतभर उंचीवर बसवलेली लाकडी पट्टी, कापडी बोगदा, मोठे चेंडू, साबणाचे फुगे आणि गाणी असा त्यांचा सरंजाम असतो. वर्ग साधारण पाऊण तास चालतो आणि मुलाबरोबर आई, बाबा, आजी किंवा सांभाळणाऱ्या मावशी यांपैकी कोणीतरी आत थांबते. ही पद्धत अमेरिकेत रुजली. १९७६ या एकाच वर्षी जोन बार्न्स यांनी कॅलिफोर्नियात ‘जिंबोरी’ आणि रॉबिन वेस यांनी वॉशिंग्टन राज्यात ‘द लिटल जिम’ सुरू केले. पुढे अशा संस्थांच्या शाखा देशोदेशी निघाल्या.

वर्गात नाव घातले की ‘तयारी काय करायची?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. कपडे, खाणे, वेळ यांविषयीचे त्याचे उत्तर सोपे आहे आणि ते पुढे येईलच. त्याच्या पोटात मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. ज्याला आपण कुठे चाललो आहोत, कशासाठी चाललो आहोत हे कळत नाही आणि जो ‘हो’ किंवा ‘नाही’ शब्दांत सांगू शकत नाही, अशा जिवाला एखाद्या गोष्टीसाठी ‘तयार करणे’ म्हणजे नेमके काय? मुलाचे शरीर आईवडिलांनी घडवायची वस्तू आहे, की ते मूळचेच त्या मुलाचे आहे आणि मोठ्यांकडे फक्त काही काळ सांभाळायला आले आहे?

या प्रश्नावर दोन दूरच्या परंपरा एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. कर्मविपाक मानणाऱ्या भारतीय दर्शनांच्या मते जीव आपले पूर्वसंस्कार घेऊनच जन्माला येतो. आईबाप त्याला देह देतात, पण त्याचे कर्ते होत नाहीत. जन्मतः मन कोऱ्या पाटीसारखे असते असे मानणारा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्या अगदी उलट टोकावर उभा आहे. पूर्वजन्म सोडाच, जन्मजात कल्पनाही त्याला मान्य नाहीत. तरीही राज्यव्यवस्थेवरच्या आपल्या दुसऱ्या प्रबंधात तो सांगतो की आईबापांची मुलावरची सत्ता मालकीतून येत नाही. मुलाला स्वतःची बुद्धी येईपर्यंत त्याला सांभाळण्याचे कर्तव्य त्यांच्यावर असते, आणि सत्ता त्या कर्तव्यापुरतीच असते. एक परंपरा मुलाला आधीपासून भरलेले मानते, दुसरी रिकामे. मालकी मात्र दोघींनाही मंजूर नाही. पालक विश्वस्त आहेत हे एकदा मान्य केले की तयारीचा प्रश्न उलटा फिरतो. तयारी मुलाने किती करायची यापेक्षा विश्वस्ताने किती करायची हे आधी पाहावे लागते.

धर्मशास्त्रातील बालसंस्कारांची रचना याच क्रमाने झालेली दिसते. चौथ्या महिन्यात निष्क्रमण, म्हणजे मुलाला प्रथम घराबाहेर नेणे. पाचव्या महिन्यात भूम्युपवेशन, म्हणजे पृथ्वीची पूजा करून मुलाला प्रथम जमिनीवर बसवणे. सहाव्यात अन्नप्राशन. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधू’ने हे विधी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवले. भूम्युपवेशन हा तर शरीराच्या एका नव्या कौशल्याचाच संस्कार आहे. त्यात मुलाकडून काय मागितले जाते? काहीही नाही. स्नान, संकल्प, पूजा हे सगळे मोठ्यांनी करायचे. मुलाने फक्त भूमीला टेकायचे, तेही आईच्या हाताच्या आधाराने. जमिनीला वंदन करून बाळाला तिच्या स्वाधीन करताना आईबाप स्वतःला बजावतात की आता हे बाळ मांडीवरून उतरले, आता ते पडेल, धुळीत माखेल, आणि ते होऊ द्यायचे आहे. तयारी पालकांची, आणि संस्कार मुलाचा.

त्याच परंपरेत दुसरी एक ओढही आहे, आणि ती लपवून चालणार नाही. बाळापुढे पुस्तक, शस्त्र, अवजारे मांडून ते कशाला प्रथम हात लावते यावरून त्याचा पुढचा व्यवसाय ताडण्याची रीत अनेक घराण्यांत होती. मुलाच्या हालचालीत मोठ्यांनी आपले भविष्य वाचायचे, ही सवय व्यायामवर्गांबरोबर आलेली नाही. ती त्यांच्याही आधीची आहे, आणि म्हणूनच ती सहजी सुटत नाही.

आयुर्वेदाचे मत या बाबतीत आज वाचणाऱ्याला चकित करते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात व्यायामाचे गुण सांगून झाल्यावर तो कोणी करू नये याची यादी येते, आणि त्या यादीत वृद्ध आणि अजीर्णाचा रोगी यांच्याबरोबर बालकही आहे. दिवसभर एका जागी न बसणाऱ्या मुलाला व्यायाम वर्ज्य म्हणणे विसंगत वाटेल. विसंगती तिथे नाही. शरीराला श्रम व्हावेत म्हणून मुद्दाम केलेले कर्म ते व्यायाम, अशी आयुर्वेदाची व्याख्या आहे, आणि धडधाकट माणसालाही तो अर्ध्या शक्तीनेच करायला सांगितला आहे. मूल धावते ते श्रम व्हावेत म्हणून धावत नाही. खेळ वेगळा आणि व्यायाम वेगळा, हा भेद त्या निषेधामागे आहे असे मानणे युक्त ठरते, कारण खेळाला वैद्यांची कुठेच ना नाही. चरकसंहितेत बाळाच्या खोलीचे वर्णन करताना खेळणी कशी असावीत हेही बारकाईने सांगितले आहे. ती तऱ्हेतऱ्हेची, आवाज करणारी, मन रमवणारी असावीत. जड, टोकदार किंवा तोंडात जातील अशी नसावीत, आणि बाळ दचकेल अशीही नसावीत. आजच्या कोणत्याही बालव्यायामशाळेने भिंतीवर लावावी अशी ही नियमावली आहे.

ग्रीसमध्ये हाच वाद गुरू आणि शिष्यात झाला. प्लेटोने ‘नियम’ या ग्रंथाच्या सातव्या भागात मुलांच्या हालचालीला राज्याच्या पायाचे स्थान दिले. तान्ह्या मुलांना सतत हलते ठेवावे, जणू ती जहाजावरच राहत आहेत, असे तो सांगतो. दायांनी त्यांना तीन वर्षांपर्यंत उचलून फिरवावे आणि गर्भवतीनेही चालत राहावे, अशीही त्याची सूचना आहे. पुढे जाऊन तो मुलांचे खेळ ठरवून देतो आणि ते बदलू देत नाही. जी मुले खेळांचे नियम बदलतात ती मोठेपणी राज्याचे कायदे बदलू पाहतील, ही त्याची भीती होती. खेळाला इतके महत्त्व क्वचितच कोणी दिले असेल, आणि त्या महत्त्वापायीच त्याने तो मुलांच्या हातून काढून घेतला.

अ‍ॅरिस्टॉटलचा सूर निराळा आहे. पाच वर्षांपर्यंत मुलाला शिक्षण नको आणि सक्तीचे श्रमही नकोत, कारण त्याने वाढ खुंटते, असे तो ‘राजनीती’त म्हणतो. शरीर सुस्त पडू नये इतपत हालचाल हवी, आणि ती खेळातून मिळावी. मुलांचे रडणे दाबून टाकू नये असेही तो सांगतो, कारण त्या जोर लावण्यातही शरीराचा व्यायाम आहे. कोवळ्या वयातल्या कठोर तालमीविरुद्ध त्याने दिलेला पुरावा ठोस आहे. मुलांच्या गटातही आणि प्रौढांच्या गटातही ऑलिंपिक जिंकलेले मल्ल शोधू गेल्यास दोन-तीनच सापडतील, कारण लवकर लादलेल्या तालमीने मुलांची शक्ती आधीच खर्ची पडते. वाग्भट आणि अ‍ॅरिस्टॉटल यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी कोवळ्या शरीराला खेळ द्यावा आणि श्रम देऊ नयेत, हा दोघांचा निर्वाळा एकच आहे.

मग खेळ म्हणजे काय? याचे सर्वांत खोल उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळते. पूर्णकाम ईश्वराने सृष्टी कशासाठी निर्माण केली, या आक्षेपाला बादरायणाची ब्रह्मसूत्रे ‘लीला’ हे उत्तर देतात. शंकराचार्य आपल्या भाष्यात दोन दाखले जोडतात. ज्याला काही मिळवायचे उरले नाही असा राजा क्रीडेत रमतो, त्यामागे प्रयोजन नसते. आणि श्वास आत-बाहेर होतो तो स्वभावानेच, कशासाठी म्हणून नाही. दुसरा दाखला अधिक अर्थपूर्ण आहे. राजाला निदान करमणूक हवी असते असे म्हणता येईल, श्वासाला तीही नको असते. दीड वर्षाचे मूल पायरी चढते, उतरते, पुन्हा चढते, ते याच जातीचे कर्म आहे. चढून कुठे पोहोचायचे असते असे नाही. चढणे हेच सगळे असते.

व्यायामवर्गाची जाहिरात मात्र प्रयोजनांनी भरलेली असते. तोल सुधारेल, मेंदूचा विकास होईल, आत्मविश्वास वाढेल, शाळेची पूर्वतयारी होईल. यातले काही खरेही असेल. अडचण ही आहे की जे प्रयोजनाविना घडते त्यालाच इथे प्रयोजन चिकटवले जाते. म्हणून असे वर्ग मुळातच चूक आहेत, असे कोणी म्हणेल. ते टोकाचे होईल. मोठ्यांचा हेतू आणि मुलाची निर्हेतुकता एकाच खोलीत नांदू शकतात. मोठ्यांनी जागा सुरक्षित करावी, चढायला-उतरायला काही ठेवावे, आणि मुलाने त्यात आपल्या मनाने वावरावे, यात कोणताही तात्त्विक दोष नाही. हेतूने खोलीच्या रचनेत राहावे आणि मुलाच्या कृतीत शिरू नये, एवढीच अट आहे.

ही अट पाळली जाते की नाही हे एका छोट्या प्रसंगात कळते, आणि तो प्रसंग जवळपास प्रत्येक वर्गात घडतो. वर्ग घेणाऱ्या ताई सगळ्यांना उतरत्या ठोकळ्यावरून कोलांटी मारायला बोलावतात. मुले एकेक करून पुढे सरकतात. सोळा महिन्यांची एक मुलगी मात्र दोन निळ्या गाद्यांच्या सांध्यापाशी फतकल मारून बसलेली असते. त्या गाद्या वेल्क्रोच्या पट्टीने जोडलेल्या असतात. तिने पट्टीचे टोक चिमटीत धरलेले असते. ती ते ओढते, कर्रकन आवाज होतो, ती थांबते, आजीकडे बघते, पट्टी पुन्हा दाबून बसवते आणि पुन्हा ओढते. तिच्या दोन बोटांत, मनगटात आणि कानांत त्या वेळी जे चालले आहे ते कोलांटीपेक्षा कमी नाही. आजीचा हात तिच्या बगलेकडे जातो. उचलून रांगेत न्यायचे की पट्टी आणखी चार वेळा ओढू द्यायची? पाऊण तासाचे पैसे भरलेले असतात, बाकीच्या आया बघत असतात, ताईंनी नाव घेऊन हाक मारलेली असते. वर्गाची खरी परीक्षा त्या हातात आहे. चांगल्या ताई अशा वेळी आजीला नजरेनेच ‘राहू दे’ म्हणतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात.

मोठ्यांचा हात आवरण्याचा हा मुद्दा चालण्याच्या बाबतीत युरोपीय विचारवंतांनी फार पूर्वीच पकडला होता. तत्त्वज्ञ रूसोने १७६२ मध्ये ‘एमील’ या ग्रंथात बाळाला घट्ट गुंडाळून ठेवण्यावर आणि कमरेला पट्टा बांधून चालवण्यावर कडाडून टीका केली. मुलाला हिरवळीवर सोडा, दिवसातून शंभरदा पडू द्या, असे त्याचे म्हणणे होते. हा आकडा त्याने अंदाजाने लिहिला असणार. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची पावले प्रत्यक्ष मोजली, तेव्हा मोकळ्या खेळात मूल तासाला सरासरी २,३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते असे आढळले. दिवसाकाठी सहा तास हालचाल धरली तर पडणे शंभरावर जाते.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने पुढे या पडण्याला तत्त्वज्ञानात स्थान दिले. ‘प्रबोधन म्हणजे काय?’ या १७८४ च्या निबंधात तो म्हणतो की लोकांचे स्वयंघोषित पालक त्यांना पांगुळगाड्यात कोंडून ठेवतात आणि एकटे चालले तर काय धोके आहेत याची भीती घालतात. वास्तविक चार वेळा पडून माणूस चालायला शिकलाच असता. शिक्षणावरच्या त्याच्या व्याख्यानांत हा पांगुळगाडा रूपक म्हणून न येता प्रत्यक्ष वस्तू म्हणून येतो. मुलांना पट्ट्यांनी आणि गाड्यांनी चालायला शिकवणे हानिकारक आहे, त्यांना रांगू द्यावे, ती आपली आपण चालू लागतात, असे तो सांगतो. एका बाजूला स्वतंत्र बुद्धीचा जाहीरनामा आणि दुसऱ्या बाजूला बाळाचे रांगणे, आणि दोन्हींत धडा एकच. आजच्या बालरोगतज्ज्ञांचाही चाकांच्या वॉकरला विरोध आहे, आणि कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

याच कांटने शिस्तीचीही बाजू मांडली आहे, आणि ती गाळली तर त्याच्यावर अन्याय होईल. माणूस हा शिक्षणावाचून माणूस न होणारा एकमेव प्राणी आहे, आणि मुलांना सुरुवातीला शाळेत पाठवतात ते काही शिकण्यापेक्षा एका जागी बसण्याची सवय लागावी म्हणून, असे तो म्हणतो. व्यायामवर्गात थांबणे, पाळी धरणे, चेंडू परत टोपलीत टाकणे हे येतेच. तीन वर्षांच्या मुलाला ते थोडेफार जमते. दीड वर्षाच्या मुलाकडून त्याची अपेक्षा करणे मात्र अवेळी आहे. या वयात मुले एकमेकांशेजारी बसून आपापला खेळ खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये त्याला ‘समांतर खेळ’ म्हटले. खेळणे वाटून न घेणारे मूल स्वार्थी ठरत नाही. ते अजून त्या पायरीवर आलेले नसते.

मुलाला आपणहून हालचाल करू देण्याचा हा विचार विसाव्या शतकात सर्वांत चिकाटीने आचरणात आणला तो हंगेरीच्या डॉ. एमी पिकलर यांनी. १९४६ पासून बुडापेस्टमध्ये लोत्सी रस्त्यावरच्या त्यांच्या शिशुगृहात एक नियम कटाक्षाने पाळला जाई. मूल ज्या स्थितीत स्वतः पोहोचू शकत नाही त्या स्थितीत त्याला ठेवायचे नाही. बसता न येणाऱ्याला उशांच्या आधाराने बसवायचे नाही, उभे राहता न येणाऱ्याला हात धरून उभे करायचे नाही. दुसरा नियम त्याहून सूक्ष्म होता. बाळाला उचलण्याआधी त्याला तसे सांगायचे, हात पुढे करायचे आणि त्याच्या प्रतिसादाची वाट पाहायची. काही आठवड्यांच्या बाळाला शब्द कळत नाहीत, पण आपल्याला न विचारता उचलले जाते की विचारून, हे कळते. सुरुवातीला आलेल्या संमतीच्या प्रश्नाचे हे व्यवहारातले उत्तर आहे. संमती शब्दांत मागता येत नसेल तर ती थांबून मागता येते.

पालकांच्या तयारीत पहिली गोष्ट तुलना सोडण्याची आहे, आणि ती उपदेशाने सुटत नाही, माहितीने काही प्रमाणात सुटते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराविना चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही सुरू होऊ शकते. रांगण्याचा काळही ५.२ ते १३.५ महिने इतका पसरलेला आहे, आणि सुमारे चार टक्के मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. एकाच वर्गात एक मूल दहाव्या महिन्यात चालते आणि दुसरे सोळाव्यात, तेव्हा दोन्ही अगदी ठीक असतात. अठराव्या महिन्यापर्यंत पाऊल पडले नाही तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जिमच्या ताईंनी त्यावर मत देऊ नये.

तुलनेच्या मुळाशी फळाची आसक्ती असते, आणि गीतेचा कर्मयोग इथे अगदी शब्दशः लागू पडतो. वर्गाला नेणे, वेळेवर नेणे, बरोबर बसणे, सावध राहणे हे पालकांचे कर्म. मुलाने आज पट्टीवरून चालावे हे फळ. फळाचा आग्रह धरला की कर्मही बिघडते, कारण मुलाला आईच्या हातातला ताण कळतो आणि ते पट्टीवर पाय ठेवायला कचरते. अलिप्तता म्हणजे बेपर्वाई असा अर्थ काढला तर तो चुकीचा होईल. गीतेतला कर्मयोगी कर्म टाकत नाही. फोनमध्ये मान घालून भिंतीला टेकलेला बाप निष्काम नसतो, तो फक्त अनुपस्थित असतो.

फोनचा दुसरा उपयोग अधिक घातक आहे. मुलाची प्रत्येक उडी टिपण्यासाठी कॅमेरा लागतो आणि थोड्याच दिवसांत मूल उडी मारण्याआधी कॅमेऱ्याकडे बघू लागते. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य कहोलाला सांगतो की ज्ञात्याने पांडित्य पार करून बाल्याने राहावे. हे बाल्य म्हणजे काय, यावर ब्रह्मसूत्रांत स्वतंत्र विचार झाला आहे. मनाला येईल तसे वागणे हा अर्थ तिथे नाकारला आहे. आपले गुण न मिरवणे, दंभ आणि दर्प यांपासून मोकळे असणे हे त्या बाल्याचे लक्षण ठरते. ऋषींनी प्रयत्नाने मिळवायची ही स्थिती मुलाला फुकट लाभलेली असते. ती लहानग्या वयातच प्रदर्शनाने पुसून टाकणे हा फार मोठा तोटा आहे, आणि तो भरून निघायला पुढे सारे आयुष्य लागू शकते. वर्गात छायाचित्रण नको, किंवा शेवटची पाच मिनिटेच असावे, असा नियम करणाऱ्या संस्थेचे पालकांनी स्वागत करावे.

पालकाने वर्गात नेमके कुठे असावे, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या कामात आहे. युगांडात आणि नंतर बाल्टिमोरमध्ये त्यांनी आया आणि बाळे यांचे बारकाईने निरीक्षण केले. आई जागेवर आहे याची खात्री असलेले मूल दूर जाते, काही पाहते, परत येऊन तिला शिवते आणि पुन्हा जाते. म्हणून पालकाने एका जागी बसावे आणि ती जागा बदलू नये. मुलाच्या मागे मागे फिरले तर परत येण्याचे ठिकाणच हरवते. आणि मुलाचे लक्ष नाही असे पाहून गुपचूप बाहेर सटकू नये. जायचेच असेल तर सांगून जावे, भले ते रडो.

मुलाची म्हणून जी तयारी आहे ती थोडी आणि साधी आहे. झोपेची वेळ टाळून वर्ग निवडावा. पेंगुळलेल्या मुलाला कोणतीच गादी मऊ वाटत नाही. तासभर आधी हलके खायला द्यावे. पेज, केळे, मऊ भात पुरतो. कपडे सुती आणि गुडघ्यांत सैल असावेत. बांगड्या, कानातले लोंबते डूल, गळ्यातला काळा गोफ वर्गापुरता काढून ठेवावा. पाय अनवाणी असावेत, कारण तळव्याला जमीन लागली की तोल सावरणे सोपे जाते. पहिल्या वर्गाआधी एकदा नुसते जाऊन जागा दाखवून आणावी. घरी चटईवर लोड-तक्के मांडून त्यांवरून चढू-उतरू द्यावे. आदल्या दिवशी आणि निघताना त्याच त्या शब्दांत सांगावे की आपण मोठ्या गादीच्या खोलीत जाणार, तिथे ताई असतील, मी तिथेच बसणार. ताप, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर त्या दिवशी जाऊ नये. मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, हृदयाचा किंवा सांध्यांचा काही त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पहिल्या दोन-तीन वर्गांत मूल मांडीवरून उतरले नाही तरी वर्ग वाया गेला असे समजू नये. ते बघत असते. मान फिरवणे, पाठ ताठ करणे, चेहरा आईच्या कुशीत लपवणे हा त्याचा नकार असतो आणि तो मान्य करावा. ‘सगळे करतात, तू का नाही?’ हे वाक्य त्या खोलीत उच्चारूच नये. कित्येक आठवडे उलटूनही मूल दारातच आक्रोश करत असेल तर वर्ग सहा महिन्यांनी पुन्हा पाहावा. त्याने काहीही हुकत नाही.

काहीही हुकत नाही, असे म्हणता येते कारण वर्गाचा वाटा मुळातच लहान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल हवी, आणि एका वेळी तासाभराहून अधिक काळ त्याला गाडीत, खुर्चीत किंवा झोळीत जखडून ठेवू नये. आठवड्यातल्या पाऊण तासाने हे भागत नाही. बाकीची मिनिटे घरातली जमीन, जिना, गच्ची आणि अंगण यांनाच द्यायची आहेत. महाराष्ट्रात हे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी ओळखले होते. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना उभी राहिली. अनुताई वाघ यांच्यासह पुढे कोसबाडला त्यांनी तेच काम चालू ठेवले. झाडाचे खोड, ओढ्यातले गोटे, मातीचा ढीग ही त्या मुलांची साधने होती. त्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागले नाहीत.

आज शहरांत पैसे मोजावे लागतात ते मुख्यतः जागेसाठी. ज्यांना परवडते त्यांनी वर्ग जरूर लावावा. चांगल्या ताई, सुरक्षित गाद्या आणि इतर मुलांची सोबत ही खरी मदत आहे. ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलाचे शरीर त्यामुळे मागे पडत नाही. पण ज्या गृहसंस्थांच्या आवारात ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लागलेली आहे, त्यांच्या समितीने ती काढून टाकावी, वाहनांसाठी आखलेल्या जागेपैकी दोन गाड्यांची जागा मोकळी करून तिथे माती टाकावी, आणि संध्याकाळी पाच ते सात ती लहान मुलांसाठी राखून ठेवावी.